समुद्रसपाटी

गुहागरला रात्री पावणेदोन वाजता मी बाबांवर ओरडले. त्याला आता सव्वा महिना झाला. बाबा त्यावर तेव्हाही काही बोलले नाहीत आणि नंतरही नाहीत. घरात बाकी कुणाच्या ते लक्षातही नसेल. माझ्या मात्र आहे. भांडी विसळताना, सिग्नलला स्कूटी थांबवून उभी असताना, रात्री कूस बदलताना मला तो माझाच आवाज ऐकू येतो. मागे लाटांची गाज चालू होती, बरीच मोठी, तरी तिच्यावरून माझा आवाज गेला. आगरातला दिवा लागला. घरमालक काका खांद्यावर पंचा टाकून बाहेर आले, नवरा अनवाणी धावत आला, आणि त्या सगळ्यांच्या देखत मी चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला म्हणाले, "लहान आहात का तुम्ही?"

बाबांच्या एका हातात टॉर्च होता आणि दुसऱ्या हातात काठी.

आम्ही समुद्रावर जायला निघालोच नव्हतो. निघालो होतो पुण्याला, माझ्या मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला. मार्गशीर्षातला मुहूर्त होता. नागपुरात अधिवेशनाची तयारी सुरू झाली होती, सिव्हिल लाइन्समध्ये रस्त्यांच्या कडेला बॅरिकेड येऊन पडले होते, आणि पहाटे पाचला गाडीच्या काचेवरचं दव पुसताना बोटं बधिर होत होती. आई दोन स्वेटर घालून वर शाल पांघरून बसली होती. डिकीत आहेराच्या पिशव्या आणि संत्र्यांच्या दोन पेट्या. आंबिया बहार भरात असताना नागपूरचा माणूस लग्नघरी रिकाम्या हातानं जात नाही. समृद्धीवर सूर्य आमच्या पाठीमागून उगवला आणि गाडीची लांबच लांब सावली आमच्याच पुढे धावत राहिली. दुपार उलटून गेल्यावर शिरूरच्या आसपास फोन आला. नवऱ्या मुलाचे आजोबा सकाळी गेले होते. लग्न पुढे ढकललं होतं.

पुण्याला पोचलो तेव्हा मांडवाचे खांब उभे होते आणि वर कापड नव्हतं. झेंडूच्या माळा ओल्या पोत्याखाली झाकून ठेवलेल्या. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण पाहुणे तर आलेच होते, त्यांचा चहा होत होता, गाद्या पडत होत्या. मुलगी मेंदीचे हात घेऊन माजघरात बसली होती. त्या मेंदीकडे बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजीच म्हणाले, एवढ्या लांबून आलात, चार दिवसांची रजा हातात आहे, ताम्हिणी उतरलं की कोकण, जाऊन या. खरं म्हणजे आम्ही तिथं बसून राहणं त्यांनाही अवघड होत होतं. आईला ते पटलं नाही. "लोकाच्या घरी माणूस गेलं अन् आपण फिराले निघायचं?" ती म्हणाली. सूतक आपल्याला नाही, हे तिला मान्य होतं. अडचण सुतकाची नव्हतीच. शेवटी बाबा म्हणाले, "चला." एवढंच. बाबा कधी कुठं जायचं म्हणून बोलत नाहीत, म्हणून आई गप्प झाली. मला तेव्हाच ते लक्षात यायला हवं होतं.

ताम्हिणीच्या रस्त्याला मुळशीचं पाणी दिसायला लागलं तसे बाबा खिडकीशी सरकले. हे त्यांच्या ओळखीचं होतं. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून लागले आणि शाखा अभियंता होऊन निवृत्त झाले. पेंचचे कालवे, मग गोसेखुर्द. पाणी साठलेलं दिसलं की ते आधी काठ बघतात, पाण्याची जुनी रेघ कुठवर आहे ते. माझ्या लेकीला त्यांनी सांगितलं, की हे पाणी स्वतःच्या मर्जीनं वाहिलं असतं तर मुळा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. ते डोंगरातून पश्चिमेला वळवून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलेलं आहे, म्हणून ते अरबी समुद्राला जातं. याच धरणासाठी जमिनी जात होत्या म्हणून १९२१ साली इथं सत्याग्रह झाला, सेनापती बापट ते नाव यातूनच पडलं. लेकीनं विचारलं, मग आपलं पाणी कुठल्या समुद्राला जातं? बाबांनी बोटावर मोजलं. नाग नदी कन्हानमध्ये, कन्हान वैनगंगेत, वैनगंगा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत. "आपलं तिकडं जाते," ते म्हणाले आणि गाडीच्या मागच्या काचेकडे हात केला.

घाट उतरलो आणि हवा बदलली. आईनं एक स्वेटर काढला, मग दुसरा, मग शालीची घडी करून ती मांडीवर घेऊन बसली. माणगाव, म्हसळा, दिवेआगर. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला इतका लगटून जातो, की एका वळणावर समोर रस्ता दिसेना, फक्त पाणी. नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली. आम्ही सगळे उतरलो. उन्हं उतरायला लागली होती, पाण्यावर चांदीच्या पत्र्यासारखा लखलखाट होता, काळ्या खडकांवर फेस चढून परत घसरत होता. आई आपोआप हात जोडून उभी राहिली. बाबा बऱ्याच वेळानं उतरले. कमरेवर हात ठेवून पाहत राहिले आणि मग विचारलं,

"ही भरती आहे का ओहोटी?"

आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मी सहा-सात वर्षांची असताना बाबांनी मला झिरो माइलला नेलं होतं. चार घोडे, मधला खांब, आणि शेजारी तो १९०७ सालचा सर्वेचा दगड. तेव्हा आजूबाजूला एवढी गर्दी नव्हती, घोड्यांच्या पायाशी बसून मी शेंगा खाल्ल्याचं आठवतं. बाबांनी सांगितलं, हा दगड समुद्रसपाटीपासून १०२० फूट उंच आहे. मला त्याचा अर्थ असा कळला, की दगडाखाली १०२० फूट खणलं की समुद्र लागतो. नागपूरच्या पोटात खोल कुठंतरी अंधारात समुद्र आहे, आणि बाबांना त्याची खोली ठाऊक आहे. कितीतरी वर्षं मी हेच धरून होते. विहिरीत डोकावलं तरी वाटायचं, याच्या खाली तो असेल. भूगोलाच्या पुस्तकात समुद्रसपाटी हा शब्द आला तेव्हा अर्थ कळला, पण ते चित्र काही पुसलं गेलं नाही.

बाबांचं सगळं काम त्या एका शब्दावर उभं होतं. सुट्टीत एक-दोनदा मी साइटवर गेले आहे. तिपाईवर डम्पी लेव्हल, भिंगाला डोळा लावून बाबा, आणि दूर शेताच्या बांधावर आकडे लिहिलेला उंच स्टाफ धरून खलाशी. उंची माहीत असलेल्या एखाद्या बेंचमार्कपासून सुरू करायचं आणि वाचन घेत घेत ती उंची नाल्यातून, पऱ्हाटीतून, गावातून पुढे न्यायची. कालव्याला उतार द्यायचा तो पाच पाच हजार मीटरला एखादा मीटर, डोळ्याला तो दिसतच नाही, म्हणून प्रत्येक आकडा मिलिमीटरपर्यंत. बाबा हिरव्या कापडी पाठीच्या लेव्हल बुकात बारीक अक्षरात लिहीत जायचे. शेवटच्या रकान्यात शेरा. 'नाल्याचा तळ.' 'आंब्याचे झाड.' 'रस्त्याची डावी कड.' आणि ती प्रत्येक उंची समुद्रापासून मोजलेली. छत्तीस वर्षं या माणसानं रोज समुद्रापासूनचं अंतर लिहिलं आणि समुद्र पाहिला नाही. आधी नोकरी, मग आमची शिक्षणं, आजीचं आजारपण, आईचे गुडघे. आम्ही दोघं लग्नानंतर गोव्याला जाऊन आलो. लेकीची शाळेची सहल अलिबागला गेली. बाबांनी समुद्र पाहिलेला नाही, हे कधी माझ्या मनातच आलं नाही. जो माणूस त्याच्याबद्दल इतकं बोलायचा, त्यानं तो पाहिला असेलच, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवून सावित्रीची खाडी ओलांडली, केळशी, आंजर्ले, हर्णै करत दापोलीवरून दाभोळला आलो. हर्णैच्या बंदरात मासळी आणि डिझेल असा मिसळलेला वास होता, आईनं नाकाला पदर लावला आणि तरी खाली उतरून बोटी मोजल्या. दाभोळला पुन्हा फेरी. वासिष्ठीचं पात्र तिथं एवढं रुंद आहे की पलीकडचं धोपावे धुरकट दिसतं. बोट सुटताना दोर ओढून घेणाऱ्या माणसाला कुणीतरी "खलाशी" म्हणून हाक मारली. बाबा दचकून वळले. त्यांच्या तोंडी हा शब्द जन्मभर होता, पण त्यांचा खलाशी वैनगंगेच्या काठी तुरीच्या शेतात स्टाफ धरून उभा असायचा. ते त्या पोराजवळ जाऊन उभे राहिले, संत्री दिली, भरतीला पाणी इथं किती फूट चढतं ते विचारत होते. नंतर कठड्याशी येऊन म्हणाले, कोयनेचं वीज करून उरलेलं पाणी याच नदीत सोडतात. "तेही पूर्वेचंच होतं." मी तेव्हा मोबाइलवर गुहागरला राहायची सोय शोधत होते. मी नुसतं हो म्हणाले.

गुहागरला एका घराच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढे रस्ता, मागे नारळ-पोफळीचं आगर, आगराच्या शेवटी बेडं म्हणजे फाटक, ते ओलांडलं की सुरूची झाडं आणि मग सरळ वाळू. बाबांना आगरातले पाण्याचे पाट फार आवडले. विहिरीवरून निघालेलं पाणी प्रत्येक माडाच्या आळ्यात नेमकं वळत होतं. ते वाकून उतार बघत होते. काकूंनी चहा आणि ओल्या नारळाच्या वड्या दिल्या, आम्ही संत्री दिली, आणि बोलता बोलता बाबांनी काकांना भरतीचं विचारलं. काका म्हणाले, "त्याला काय, तिथीची पाऊणपट करायची. आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला पूर्ण भरती, सकाळी नि संध्याकाळी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाण्याला जोर नसतो." बाबांच्या हातातली बशी तशीच राहिली. "अन् ओहोटी?" त्यांनी विचारलं. "सहा तासांनी धरा. दीडच्या आसपास." बाबा मनातल्या मनात तो हिशोब करत होते हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. कळल्यावर ते हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

साडेसातला ते आणि लेक वाळूत गेले, पाणी जिथवर आलं तिथं एक काठी रोवून आले. आम्हाला वाटलं, आजोबा-नातीचा खेळ. जेवायला केळफुलाची भाजी आणि कुळथाचं पिठलं होतं. रात्री लवकर झोपलो.

मला जाग आली ती दाराच्या कडीच्या आवाजानं की कशानं, सांगता येत नाही. आईच्या शेजारची गादी रिकामी. बाथरूममध्ये दिवा नाही. बेडं उघडं. दीड वर्षापूर्वी बाबा न्हाणीत पडले होते, खुब्याचं ऑपरेशन झालं, तीन महिने वॉकर. ते सगळं एका क्षणात माझ्या पायात आलं. सुरूच्या झाडांतून मी पळत सुटले. दशमीचा चंद्र पश्चिमेला पार खाली उतरून समुद्रावर आला होता आणि ओली वाळू आरशासारखी चमकत होती. संध्याकाळी जिथं लाटा होत्या तिथं आता नुसती वाळू, पाणी खूप आत गेलेलं, आणि अगदी त्या पाण्याच्या कडेला बाबांची वाकलेली आकृती. धोतराचा सोगा खोचलेला. वाकून ते काही करत होते. मला वाटलं, पडताहेत.

मग मी ओरडले. तुम्हाला काही झालं असतं तर? परक्या गावात आम्ही कुणाला काय सांगायचं? एक माणूस गेलं म्हणून लग्न थांबलंय, तुम्हाला कळतं का? हे शेवटचं का बोलले, मला ठाऊक नाही. काका मागून आले आणि हळूच म्हणाले, "अहो ताई, ओहोटी आहे, आता पाणी ओढ घेत नाही तितकी. बघत होतो मी त्यांना ओटीवरनं." म्हणजे काका जागे होते, त्यांनी पाहिलं होतं आणि त्यांना बाबांना थांबवावंसं वाटलं नव्हतं. बाबा सरळ उभे राहिले. अर्धी रोवलेली काठी त्यांनी उपटली, वाळू झटकली आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

"चल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आईचा उपास, काकूंनी वऱ्याचे तांदूळ केले. मी सकाळी बाबांना म्हटलं, सव्वाआठची भरती बघायला येता का? अकराची पाऊणपट मी करून ठेवली होती. ते म्हणाले, "तुम्ही या जाऊन." ते आगरात पाटांजवळ उभे होते. मी एकटीच गेले. रात्रीची, भरतीच्या रेघेवरची काठी वाळूत आडवी पडली होती. लाटेनं पडली की कुत्र्यानं पाडली, कोण जाणे. ती मी उचलून गाडीत ठेवली, बाबांना न दाखवता.

परतीचा रस्ता चिपळूणवरून कुंभार्ली घाटानं होता. पुढे नवरा आणि बाबा. बाबांना झोप लागली होती. लेक मागे माझ्या कानाशी येऊन हळू आवाजात बोलायला लागली. फेरीत आजोबांनी तिला एक गोष्ट सांगितली होती. गोसेखुर्दचं भूमिपूजन १९८८ साली झालं, त्याच्यानंतरची. धरण पूर्ण भरलं की पाणी २४५.५ मीटरला उभं राहणार. मग ती २४५.५ची रेघ गावागावांतून फिरवायची, कुठलं घर बुडीतात आणि कुठलं नाही ते त्या रेघेवर ठरणार. आजोबांनी वैनगंगेकाठच्या एका गावात एका म्हातारीच्या घरी लेव्हल घेतली. तिच्या भिंतीवर ऑइल पेंटनं खूण केली, ती खूण चुलीच्या वर, दिवळीच्या जवळ आली. म्हातारीनं विचारलं, हा आकडा कशाचा? आजोबांनी सांगितलं, समुद्रापासूनचा. तेव्हा ती म्हणाली, "पाणी आमच्या नदीचं, अन् मोजून राहिले समुद्रापासून. तुमी पायला का जी तो समुद्र?"

आजोबांना नाही म्हणावं लागलं.

"म्हणून त्यांना तो मधोमध बघायचा होता," लेक म्हणाली. "भरतीची काठी आणि ओहोटीची काठी, आणि मधे झिरो." नुसत्या दोन काठ्यांच्या मधोमध सपाटी सापडत नाही, वाळूचा उतार सारखा नसतो, हे बाबांना माहीत होतं. खरी सरासरी काढायला बंदरावर वर्षानुवर्षं रोजच्या भरती-ओहोटीच्या नोंदी घ्याव्या लागतात, चंद्राची सगळी फेरी त्यात यावी म्हणून एकोणीस वर्षं, हेही त्यांनी तिला सांगितलं होतं. आणि म्हणाले होते, "आपल्याले एकच रात्र भेटली, तेवढी पाहू." घाटात धुकं होतं. बाबांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड थोडं उघडं. त्या म्हातारीचं घर आता पाण्याखाली आहे. ती खूणही.

नागपूरला आल्यावर थंडी अजून वाढली होती. बाबांनी कपाटातून स्वेटर काढला, आईनं लग्नाची नवी तारीख कालनिर्णयावर गोल करून ठेवली, माझं ऑफिस सुरू झालं. माफी मागायची असं मी चार-पाच वेळा ठरवलं. त्यांच्यासमोर गेलं की ते पेपरची घडी करून "काय गं?" म्हणतात आणि माझ्याकडून गोळ्या घेतल्या का, हेच विचारलं जातं. मागच्या रविवारी आई म्हणाली माळ्यावरची ट्रंक बघ, तेव्हा त्यात बाबांची लेव्हल बुकं दिसली. सगळ्यात वरचं एक अर्धं कोरं होतं. त्याच्या शेवटच्या भरलेल्या पानावर नवी शाई होती. 'गुहागर. मार्गशीर्ष शु. १०.' पहिली ओळ, सायंकाळी ७.३०, भरतीची कड, खूण क्रमांक एक. दुसरी ओळ, रात्री १.४०, ओहोटीची कड, खूण क्रमांक दोन, आणि पुढचे रकाने रिकामे. शेवटच्या रकान्यात, त्याच बारीक, सरळ अक्षरात शेरा: 'मुलगी आल्याने काम थांबविले.'

मी ते तसंच मिटून ट्रंकेत ठेवलं.

हल्ली बाबा सकाळी चहा घेताना कालनिर्णयाकडे बघतात. आज षष्ठी होती. मी डबा भरत होते. ते आईला म्हणाले, सहाची पाऊणपट साडेचार, साडेचारला तिकडं पाणी पूर्ण भरलं असेल. आईनं "हो का" म्हटलं आणि भाजीत मीठ घातलं. साडेचारला मी ऑफिसात होते. माझ्या खिडकीतून झाडांच्या वर झिरो माइलच्या खांबाचं टोक दिसतं. मी हातातली फाइल खाली ठेवली आणि घरी फोन लावला. बाबांनीच उचलला. "भरली असेल ना आता?" मी विचारलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांब, दोन मिनिटं बाकी आहेत."